लेकुरवाळीचे शिवण-विणकाम

लेकुरवाळीचे शिवण-विणकाम : पाळण्यात, कडेवर किंवा पायात घोटाळणारे मूल असताना घरच्या घरी होणारे गोधड्या-दुपटी शिवण्याचे आणि लोकरीचे मोजे-टोपडी विणण्याचे काम. महाराष्ट्रात यातली गोधडी जुनी आणि घरोघरची. लोकरकाम त्यामानाने अलीकडचे, मिशनऱ्यांच्या शाळांतून आणि शिवणवर्गांतून घरात शिरलेले. दोन्ही कामे हातातून खाली ठेवता येतात आणि पुन्हा उचलता येतात. लेकुरवाळीला ती परवडतात त्याचे मुख्य कारण हेच.

अमेरिकी मानवशास्त्रज्ञ ज्युडिथ ब्राऊन यांनी १९७० साली असे मांडले की, एखाद्या समाजात कोणते काम बायकांवर सोपवले जाते हे बरेचसे एका गोष्टीवरून ठरते : लहान मुले सांभाळता सांभाळता ते जमते का? घराजवळ होणारे, फारसा धोका नसलेले, पुन्हापुन्हा तेच करायचे आणि मध्येच सोडले तरी न बिघडणारे काम असे जमते. गोधडीचा धावदोरा या वर्णनात चपखल बसतो. मोजा मात्र अर्धामुर्धाच बसतो. त्याचा विचार पुढे येईल.

गोधडी म्हणजे जुन्या सुती कापडाचे थर एकावर एक रचून टाक्यांनी एकजीव केलेले अंथरूण-पांघरूण. आत कापूस नसतो. कापूस भरला की ती दुलई किंवा रजई, आणि तिथे पिंजारी लागतो. पश्चिम महाराष्ट्रात आणि कोकणात गोधडीलाच वाकळ म्हणतात. वापरून मऊ पडलेले नऊवारी लुगडे हे तिचे मूळ भांडवल. लुगडे सुमारे आठ मीटर लांब असते. ते लांबीत चारपदरी दुमडले की दोन मीटरचे, एका माणसाला पुरेल असे चौपदरी अंथरूण आयते तयार होते, कात्रीही लावावी लागत नाही. मधल्या थरांत फाटकी धोतरे, परकर, शर्टांच्या पाठी जातात. कॉलर आणि बटणपट्टी काढून टाकतात, कारण झोपणाऱ्याच्या बरगडीला बटण टोचते. वरच्या बाजूला चांगल्या रंगाचे तुकडे आणि जमलाच तर एखाद्या लुगड्याचा काठ.

कापड धुऊन, खळ पूर्ण काढून, ओसरीवर पसरायचे. सुरकुत्या हाताने बाहेर लोटायच्या आणि कोपऱ्यांवर पाटा, वरवंटा, भरलेला तांब्या असे काहीतरी जड ठेवायचे. मग हातभर अंतरावर लांबलांब कच्चे टाके घालून थर जागच्या जागी धरायचे. हे पहिले तास-दोन तास मात्र सलग मिळावे लागतात. थर सरकले की गोधडी कायमची वाकडी होते. म्हणून हा भाग मूल दुपारी झोपले की, किंवा जाऊबाई-शेजारीण मदतीला आल्यावर उरकतात. पुढचे सगळे काम तुकड्यातुकड्यांत चालते. काठापासून बोटभर अंतराने ओळीमागून ओळ. टाका मोजायचा नसतो, नमुना लक्षात ठेवायचा नसतो. मूल रडले, दूध उतू गेले, दारात कोणी आले, तर जिथे आहे तिथे थांबायचे. पसरलेली गोधडी हीच मुलाची खेळायची जागा असते. ते तिच्यावरच झोपून गेले तर आई शिवत शिवत त्याच्या पायापाशी येते आणि मग उठून दुसऱ्या काठाकडून सुरुवात करते.

खरी काळजी सुईची. रांगते मूल घरात असताना सुई गोधडीत खोचून उठायचे नाही, हा नियम सासवांनी सुनांना दटावून शिकवलेला असतो. सुईत नेहमी लांब दोरा ठेवतात, तो दिसला की सुई सापडते. तरी हरवलीच तर काम बंद. गोधडीवर तळहात फिरवून, चाचपून, ती हाती लागेपर्यंत मुलाला कडेवरून उतरवत नाहीत. थोडी मोठी मुले मात्र कामाला येतात. आजीची नजर अधू झालेली असते. "बाळा, एवढी सुई ओवून दे गं," अशी हाक आली की नात दोऱ्याचे टोक ओठांत ओले करून पाच-सहा सुया एकदम ओवून ठेवते, म्हणजे दुपारभर पुन्हा हाक मारायला नको.

गोधडी शिवण्याचा हंगाम उन्हाळ्याचा. शेताची कामे थंडावलेली असतात आणि पावसाळ्यापूर्वी पांघरुणे हवी असतात. धुण्याचा दिवस वेगळा : घटस्थापनेच्या आधी घरातल्या झाडून सगळ्या गोधड्या नदीवर, ओढ्यावर, कालव्यावर नेतात. ओली गोधडी एका बाईच्याने उचलत नाही. दोघी दोन टोके धरून पिळतात.

बाळाची गोधडी लहान, साधारण ९० बाय ६० सेंटिमीटर. दीड सेंटिमीटर अंतराने ओळी घातल्या तर ४० ओळी, म्हणजे ३६ मीटर शिवण. सेंटिमीटरला एक टाका धरला तर साडेतीन हजारांवर टाके. याहून पातळ ते दुपटे, नावाप्रमाणे दोनच पदरांचे. दुपट्याला आजीचे जुने, शंभरदा धुतलेले लुगडेच हवे असा बायकांचा आग्रह असतो आणि तो रास्त आहे, कारण नव्या कापडातली खळ तान्ह्याच्या कातडीला काचते, पाणीही नीट शोषत नाही. बाळाखाली मेणकापड, त्यावर दुपटे, आणि दोरीवर वाळत घातलेली आणखी आठ-दहा. काही घरांत मूल जन्मण्याआधी त्याच्यासाठी काही शिवू नये असा संकेत आहे. तिथे सगळी धांदल बारशापर्यंतच्या बारा दिवसांत उडते. मग आत्या, मावशी, आजी असे हात विभागून दुपटी, झबली, टोपडी, कुंची असा बाळंतविडा उभा राहतो. त्या वेळी बाळंतीण स्वतः शिवत नाही, तिचे शिवणे सुरू होते ते पुढे.

गोधडीची भावंडे भारतीय उपखंडभर आहेत. बंगालमध्ये कांथा, बिहारमध्ये सुजनी, गुजरात-राजस्थान आणि सिंधमध्ये रल्ली. कांथ्यात तर दोराही जुन्या साडीच्या काठातून उसवून घेत. महाराष्ट्र-गोव्याला सर्वांत जवळची म्हणजे उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या सिद्दी बायकांची कवंदी. यातले बरेच सिद्दी गोव्यातून तिकडे गेलेल्या आफ्रिकी वंशाच्या लोकांचे वंशज आहेत, आणि कोकणी त्यांच्या बोलण्यात आहे. कवंदी काठाकडून सुरू होते आणि फेऱ्या घेत मध्यापर्यंत येते. चारही कोपऱ्यांवर दुमडलेल्या कापडाचे त्रिकोण बसवतात, त्यांना 'फुला' म्हणतात. फुलांवाचून कवंदी उघडी-नागडी वाटते.

लोकरीचे काम मराठी घरांत एकोणिसाव्या शतकापासून रुजू लागले. पुण्यात १९०९ साली सुरू झालेल्या, रमाबाई रानडे यांनी चालवलेल्या सेवासदनासारख्या संस्थांनी शिवणकामाला शिक्षणात जागा दिली आणि 'शिवण-विणकाम येते' हे मुलीच्या वर्णनात येऊ लागले. मोजा ही वस्तू मात्र फार जुनी. ब्रिटिश म्युझियममध्ये इजिप्तमधून आलेला लहान मुलाचा पट्ट्यापट्ट्यांचा मोजा आहे, डाव्या पायाचा, तिसऱ्या-चौथ्या शतकातला. तो आजच्यासारखा दोन सुयांवर विणलेला नसून एकाच सुईने फासे ओवत केलेला आहे, आणि त्याचा अंगठा वेगळा आहे.

घरोघर होतात ते बाळाचे मोजे दोन सुयांवर विणून मागून शिवलेले असतात. तान्ह्याचे पाऊल जेमतेम आठ सेंटिमीटरचे, त्यामुळे लोकर २०–२५ ग्रॅम पुरते. मोठ्याच्या स्वेटरमधून उरलेली किंवा जुना स्वेटर उसवून काढलेली. उसवलेली लोकर कुरळी असते. खुर्चीच्या पाठीभोवती लडी करून, धुऊन, खाली वजन बांधून वाळवली की ती सरळ होते, मग गुंडा. सुया बहुधा १० किंवा १२ नंबरच्या. आपल्याकडे जुनी ब्रिटिश मापे चालतात, म्हणून आकडा जितका मोठा तितकी सुई बारीक. वरची पट्टी एक सुलट एक उलट, मग नाडी ओवायला जाळीची ओळ, मग पावलाची पट्टी. नाडी नसेल तर मोजा पायात टिकत नाही. बाळ दुसऱ्या पायाने तो तासाभरात काढून फेकते.

गोधडीसारखे हे काम कुठेही सोडता येत नाही. टाके मोजावे लागतात आणि सुई निसटली तर दहा ओळी उसवतात. त्यामुळे ओळ संपेपर्यंत 'आले हं' म्हणत राहायचे, ओळ संपली की टाके सुईच्या टोकापासून मागे सारायचे, टोकावर बूच किंवा रबर लावायचे आणि उठायचे. पहिला मोजा असा उत्साहात होतो. दुसरा होईपर्यंत बाळाचे पाऊल वाढते, आणि घराघरांत ट्रंकेच्या तळाशी एकेकटे मोजे सापडतात. मुंबई-कोकणात लोकरीच्या मोज्यांची गरज फारशी नाही, तरी ते विणले जातात. त्यात हौस आणि आजीपणाचा वाटा मोठा. मुलीच्या बाळंतपणासाठी अमेरिकेला निघालेली आजी तेवीस किलोंच्या बॅगेत डिंकाच्या लाडवांशेजारी दुपटी आणि मोजे कोंबते, तिथे मात्र ते खरोखर उपयोगी पडतात.

मोजा घालण्याआधी तो उलटा करून पाहावा. आत सुटे धागे राहिले तर ते बाळाच्या बोटाभोवती गुंडाळून रक्तपुरवठा अडू शकतो. गोंडे दिसतात छान, पण तुटून तोंडात जातात. आणि वर्षाच्या आतल्या मुलाला झोपेत जड किंवा सैल पांघरूण घालू नये असे बालरोगतज्ज्ञ सांगतात. गोधडी बाळाखाली घालावी ती पातळ आणि ताणून बसवलेली.

या कामाचा हिशेब मोठा गमतीचा आहे. राष्ट्रीय उत्पन्न मोजण्याच्या आंतरराष्ट्रीय नियमांप्रमाणे घरच्या वापरासाठी केलेली वस्तू हे उत्पादन धरले जाते, घरच्या मुलाला सांभाळणे धरले जात नाही. म्हणजे एका हाताने टाका घालत पायाने पाळण्याची दोरी ओढणाऱ्या बाईचा हात नियमात बसतो, पाय बसत नाही. भारताच्या २०१९ च्या वेळवापर सर्वेक्षणात बिनपगारी घरकाम करणाऱ्या बायकांची त्यावर दिवसाला सरासरी २९९ मिनिटे जात होती, पुरुषांची ९७.

आता शहरांत गोधड्या शिवून देणाऱ्या बायका मिळतात, जुन्या साड्या नेऊन दिल्या की काम होते. यंत्राच्या टिपेने शिवलेल्याही विकत मिळतात. त्यांची शिवण घट्ट असल्याने त्या थोड्या ताठ राहतात. घरच्या गोधडीचा वरचा थर विरला की फेकत नाहीत, त्यावर दुसरे लुगडे चढवून पुन्हा टाके घालतात. असे दोन-तीनदा झाले की ती इतकी जड होते की पांघरायच्या कामाची राहत नाही. मग ती खाटेवर गादीखाली जाते, तिथून धान्याच्या पोत्यांखाली, आणि शेवटी तिचे तुकडे करून दारात पायपुसणी होतात.