पाठवलेली खुर्ची, बसवलेला पाय

बंदरातून कंटेनर येतो, मैदानात खुर्च्यांची रांग लागते, पाहुण्यांच्या हस्ते वाटप होतं आणि फोटो निघतो. गरीब देशांतल्या अपंगांना चाकाच्या खुर्च्या, कुबड्या आणि कृत्रिम पाय देणारं धर्मादाय काम आपल्याला बहुधा असंच दिसतं. पण या क्षेत्रातले बहुतेक मोठे वाद फोटो काढून झाल्यानंतर काय होतं यावरून झाले आहेत. मापं कोण घेणार, चाक मोडलं तर कोण बसवणार आणि पाय टोचायला लागला तर माणसाने कुठे जायचं?

सुरुवात लढायांपासून करावी लागते. युरोप-अमेरिकेत कृत्रिम अवयवांचं शास्त्र दोन महायुद्धांतल्या जखमी सैनिकांमुळे वाढलं. आपल्याकडेही पुण्यातलं सैन्याचं कृत्रिम अवयव केंद्र १९४४ मध्ये, दुसऱ्या महायुद्धातल्या जवानांसाठी सुरू झालं. पुढे ते नागरिकांसाठीही खुलं झालं आणि लांबलांबचे लोक पायासाठी पुण्याला येऊ लागले. पण तिथे काय किंवा परदेशात काय, तेव्हाचं कृत्रिम पाऊल बूट घालून खुर्चीवर बसणाऱ्या माणसासाठी घडवलेलं होतं. अमेरिकेत १९५०च्या दशकात तयार झालेल्या ‘सॅक’ पावलाला घोटाच नव्हता. त्यावर उकिडवं बसता येत नाही, मांडी घालता येत नाही, अनवाणी चालता येत नाही, आणि भाताच्या खाचरात तर उतरायलाच नको. शेतकऱ्याने असा पाय घरी नेऊन कोपऱ्यात ठेवला तर त्यात नवल काय?

जयपूरच्या सवाई मानसिंह रुग्णालयात अस्थिरोगतज्ज्ञ डॉ. प्रमोद करण सेठी यांच्यासमोर हीच अडचण रोज येत होती. त्यातून वाट निघाली ती रामचंद्र शर्मा यांच्यामुळे. सगळे त्यांना ‘मास्टरजी’ म्हणत. शालेय शिक्षण बेताचंच, पण हात पिढीजात कारागिराचा. ट्रकच्या टायरचं रिट्रेडिंग पाहून त्यांना रबराच्या पावलाची युक्ती सुचली असं सांगतात. १९६०च्या दशकाच्या अखेरीस तयार झालेल्या त्या पावलात लाकूड, स्पंज रबर आणि टायरचा धागा एका साच्यात भरून भट्टीत पक्का केलेला असे. पाऊल सगळ्या बाजूंनी वाकत होतं. बुटाशिवाय चालत होतं, चिखलात भिजलं तरी बिघडत नव्हतं आणि रंगाने कातडीशी मिळतंजुळतं होतं. त्याचं पेटंट घेतलं गेलं नाही, त्यामुळे ते कुणालाही बनवता येत होतं. १९८१ मध्ये सेठींना रॅमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला. मास्टरजींचं नाव त्या मानाने मागेच राहिलं. वैद्यकीय इतिहासात कारागिरांच्या वाट्याला बहुधा एवढंच येतं.

पाऊल तयार झालं तरी पुढची काही वर्षं ते फार थोड्या लोकांपर्यंत पोचलं. हे चित्र बदललं १९७५ मध्ये, भगवान महावीर विकलांग सहायता समिती स्थापन झाल्यावर. संस्थापक डी. आर. मेहता हे आयएएस अधिकारी. १९६९च्या अपघातात त्यांचा स्वतःचा पाय जाता जाता वाचला होता. (हेच मेहता पुढे ‘सेबी’चे अध्यक्ष झाले.) मेहतांनी पावलापेक्षा पद्धत बदलली. कागदपत्रं आणि खेटे यांना फाटा देऊन, रुग्ण कोणत्याही वेळी आला तरी त्याला दाखल करून घ्यायचं, त्याच्या आणि सोबतच्या माणसाच्या राहण्याजेवणाची सोय करायची आणि शक्य तेव्हा त्याच दिवशी पाय बसवून पाठवायचं. हे सगळं विनामूल्य. आधीच मजुरी बुडवून आलेल्या माणसाला पायाच्या किमतीइतकाच हेलपाट्यांचा खर्चही जड जातो, हे ज्याने ओळखलं त्याने निम्मं काम केलं असं मला वाटतं.

हा पाय सीमेपार गेला तो भूसुरुंगांच्या मागोमाग. १९७९ नंतरचा अफगाणिस्तान, ख्मेर रूज राजवटीनंतरचा कंबोडिया, अंगोला, मोझांबिक इथे शेतात, पाणवठ्यावर, गुरं चारताना माणसांचे पाय उडत होते. थायलंडच्या सीमेवरच्या छावण्यांत कंबोडियन निर्वासितांसाठी काम करणाऱ्या फ्रेंच डॉक्टरांनी १९८२ मध्ये ‘हँडिकॅप इंटरनॅशनल’ ही संस्था काढली. बांबू, चामडं, लाकूड असं हाताशी येईल त्या साहित्यातून ते पाय बनवत, आणि तेही निर्वासितांनाच शिकवून. आंतरराष्ट्रीय रेडक्रॉसने काबूलमध्ये १९८८ साली केंद्र उघडलं. तिथे १९९० पासून काम करणारे इटालियन फिजिओथेरपिस्ट अल्बेर्तो काइरो यांनी केंद्रातल्या नोकऱ्या अपंगांनाच द्यायचं धोरण धरलं. ज्याला स्वतःला पाय बसवलेला आहे तोच दुसऱ्याचं माप घेतो, आणि कुठे टोचतंय हे त्याला सांगावं लागत नाही.

रेडक्रॉसने पुढे पॉलिप्रॉपिलीन या स्वस्त प्लॅस्टिकचे अवयव रूढ केले. जयपूरवाले सॉकेटसाठी, म्हणजे उरलेला पाय ज्यात बसतो त्या वाटीसाठी, आधी ॲल्युमिनियम आणि मग एचडीपीईचा पाइप वापरू लागले. तोच, पाणीपुरवठ्याच्या कामात दिसतो तो. साहित्य स्वस्त झालं तसं कारागिरीचं प्रश्नचिन्ह मोठं झालं. २०००च्या दशकाच्या सुरुवातीला कृत्रिम अवयव तज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेतल्या मंडळींनी होंडुरास, युगांडा आणि भारतात जयपूर पद्धतीचे पाय तपासले, तेव्हा सॉकेट नीट न बसणं आणि बनावटीतल्या उणिवा हीच दुखणी समोर आली. दोष पावलापेक्षा ते बसवणाऱ्याच्या अपुऱ्या प्रशिक्षणाचा. शिबिरात एका दिवसात पाय मिळणं ही जयपूरची ताकद. पण शिबिर उठल्यावर वर्षभराने तो पाय सैल झाला की परक्या मुलखातला माणूस पुन्हा एकटा पडतो.

चाकाच्या खुर्चीची गोष्ट याच रस्त्याने गेली, थोडी उशिरा. श्रीमंत देशांतल्या रुग्णालयांनी काढून टाकलेल्या खुर्च्या गरीब देशांत पाठवण्याची रीत बरीच जुनी. त्या खुर्च्या गुळगुळीत फरशीसाठी बनलेल्या, त्यामुळे कच्च्या रस्त्यावर पुढची छोटी चाकं रुततात आणि सुटा भाग गावात मिळत नाही. अमेरिकन अभियंता राल्फ हॉचकिस स्वतः मोटरसायकल अपघातानंतर खुर्चीवर होते. १९८०मध्ये निकाराग्वात त्यांना एकच खुर्ची आळीपाळीने वापरणारे चार तरुण भेटले. खुर्ची मोडली की ते स्वतःच दुरुस्त करत. हॉचकिस यांनी त्यांच्यासोबत, तिथल्याच कार्यशाळेत बनेल आणि सायकलवाल्याकडे दुरुस्त होईल अशी खुर्ची आखायला घेतली. बांगलादेशात ब्रिटिश फिजिओथेरपिस्ट व्हॅलरी टेलर यांनी १९७९ मध्ये पक्षाघातग्रस्तांसाठी सुरू केलेल्या केंद्रात १९९१ साली तीन तरुण ब्रिटिश आले. त्यांनी तिथे खुर्च्यांची कार्यशाळा उभी केली आणि त्यातून ‘मोटिव्हेशन’ ही संस्था निघाली. त्या तिघांपैकी डेव्हिड कॉन्स्टंटाइन हेही खुर्चीवरच.

याच्या नेमकं उलट टोक म्हणजे अमेरिकन अभियंता डॉन शोएंडॉर्फर. मोरोक्कोत रस्ता खुरडत ओलांडणारी बाई त्यांनी १९७९ मध्ये पाहिली होती. वीसेक वर्षांनी त्यांनी बागेत ठेवतात ती पांढरी प्लॅस्टिकची खुर्ची, लोखंडी चौकट आणि सायकलची चाकं जोडून जगातली बहुधा सगळ्यात स्वस्त चाकाची खुर्ची बनवली. २००१ मध्ये पहिल्या काही खुर्च्या त्यांनी आणल्या त्या भारतातच. त्यांच्या ‘फ्री व्हीलचेअर मिशन’ने पुढे दहा लाखांहून जास्त खुर्च्या वाटल्या. टीकाही कडक झाली. एकच माप सगळ्यांना कसं बसेल? कंबरेखाली संवेदना नसलेल्या माणसाला चुकीच्या बैठकीने जखमा होतात, त्या चिघळतात आणि जीवही जातो. बाजूने म्हणणारे विचारत, जमिनीवर सरपटणाऱ्याला आधी काहीतरी द्यायचं की आदर्श खुर्ची येईपर्यंत थांबवायचं? मला हा दुसरा प्रश्न सोयीचा वाटतो, पण खोटा वाटत नाही. संस्थेनेही नंतर मापाप्रमाणे बदलता येणाऱ्या खुर्च्या काढल्याच.

जागतिक आरोग्य संघटनेने २००८ साली अपुऱ्या साधनसामग्रीच्या भागांत खुर्च्या कशा द्याव्यात याची मार्गदर्शक तत्त्वं काढली. माणूस तपासणं, मापाची खुर्ची बसवणं, वापरायला शिकवणं आणि नंतर पाठपुरावा करणं हे सगळं त्यात देण्याचाच भाग मानलं आहे. त्याआधी २००६मध्ये अपंगांच्या हक्कांविषयीचा संयुक्त राष्ट्रांचा करार झाला होता. हालचालीची साधनं परवडणाऱ्या किमतीत मिळवून देणं ही त्याच्या विसाव्या कलमाने सरकारची जबाबदारी ठरवली. सहा दशकांपूर्वी रुग्णांना पुण्याला धाडणारा भारत आज दात्यांच्या रांगेत आहे. २०१८ मध्ये गांधीजींच्या १५०व्या जयंतीनिमित्त परराष्ट्र मंत्रालयाने ‘इंडिया फॉर ह्यूमॅनिटी’ हा उपक्रम सुरू केला आणि जयपूरच्या समितीबरोबर आशिया-आफ्रिकेतल्या देशांत शिबिरं घेतली. शिबिराचा गुण आणि शिबिराची मर्यादा, दोन्ही सोबत गेल्याच.

जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या २०२२च्या अहवालानुसार जगात अडीचशे कोटींहून जास्त लोकांना चष्म्यापासून खुर्चीपर्यंतच्या किमान एका सहायक साधनाची गरज आहे आणि जवळपास १०० कोटींना ते मिळत नाही. काही गरीब देशांत गरजूंपैकी जेमतेम तीन टक्के लोकांपर्यंत ते पोचतं. धर्मादाय संस्थांचे कंटेनर आणि शिबिरं गेली कित्येक दशकं चालू आहेत, आणि हा आकडा ती धरूनच आहे.