एलडॅपमधली नावं अशी लांबलचक का? थोडी पार्श्वभूमी

एलडॅप (ऑफिसातल्या माणसांच्या आणि खात्यांच्या नोंदी ठेवणाऱ्या डिरेक्टरीशी बोलण्याची पद्धत) पहिल्यांदा बघणारा डीएनपाशी, म्हणजे एंट्रीच्या पूर्ण नावापाशी, अडखळतोच. सीएन=एस पाटील, ओयू=अकाउंट्स, ओ=अमुक कंपनी, सी=आयएन. सीएन म्हणजे माणसाचं नाव, ओयू विभाग, ओ संस्था आणि सी देश. खरं तर हे आपल्या पोस्टाच्या पत्त्यासारखंच आहे, आधी माणूस मग मुक्काम पोस्ट, तालुका, जिल्हा, म्हणजे लहानाकडून मोठ्याकडे.

हा साचा १९८८च्या एक्स.५०० स्टँडर्डमधला. ते काढलं सीसीआयटीटी आणि आयएसओ यांनी मिळून, आणि सीसीआयटीटी म्हणजे टेलिफोन-तारवाल्यांची संस्था, त्यामुळे कल्पना होती ती अख्ख्या जगाची मिळून एकच डिरेक्टरी, वर देश, खाली संस्था, त्याखाली विभाग आणि शेवटी माणूस. पण त्याचा प्रोटोकॉल डॅप चालायचा पूर्ण ओएसआय स्टॅकवर (नेटवर्कच्या सात थरांच्या जड रचनेवर), साध्या पीसीला ते ओझं झेपेना. म्हणून १९९३ मध्ये टीसीपीवर, म्हणजे इंटरनेटच्या नेहमीच्या प्रोटोकॉलवर चालणारा हलका एलडॅप आला. सुरुवातीला तो एक्स.५०० सर्व्हरकडे जायचा नुसता सोपा दरवाजा होता, पुढे मिशिगन विद्यापीठाने एसएलएपीडी हा स्वतंत्र सर्व्हर काढला आणि मागच्या एक्स.५००ची गरजच उरली नाही. नावांचा साचा मात्र तोच राहिला.

खरी अडचण वरच्या टोकाला होती. सी=आयएनखाली अमुक नाव आमचंच, हे ठरवणार कोण? डोमेन नावांची नोंदणी तर आधीच होत होती, मग तीच का वापरू नये? १९९८च्या जानेवारीत आरएफसी २२४७ या इंटरनेटच्या तांत्रिक दस्तऐवजाने तेच केलं, डोमेनचा एकेक तुकडा डीसी म्हणून लिहायचा, उदाहरणार्थ डीसी=एक्झाम्पल, डीसी=कॉम. विंडोज २००० सोबत आलेल्या अॅक्टिव्ह डिरेक्टरी या मायक्रोसॉफ्टच्या डिरेक्टरीनेही हीच पद्धत घेतली, म्हणून आज बहुतेक ऑफिसात डीसीच दिसतं.

खालच्या टोकाचं दुखणं अजून आहे आणि मला तेच जास्त महत्त्वाचं वाटतं. एका ऑफिसात मी एका मॅडमची एंट्री अकाउंट्समधून एचआरच्या ओयूमध्ये हलवली, डीएन बदलला, पण फोल्डरची परवानगी देणाऱ्या ग्रुपच्या मेंबर यादीत जुनाच डीएन तसाच पडून होता, सकाळी त्यांचं कुठलंच फोल्डर उघडेना आणि त्या बिचाऱ्या दुपारपर्यंत बसून. जिथे सर्व्हर या याद्या आपोआप सुधारत नाही, तिथे लग्नानंतर आडनाव बदललं तरी हेच होतं, आणि एका ओयूत दोन एस पाटील आले की सीएन तर चालतच नाही. तेव्हापासून मी सगळ्यांना एकाच सपाट ओयूत ठेवतो, नावात फक्त यूआयडी (प्रत्येकाचा वेगळा लॉगिन), आणि विभाग हा एंट्रीच्या आत साधा अॅट्रिब्यूट, म्हणजे माहितीचा एक रकाना म्हणून.