लहान आतड्यातील पॉलिप दुर्बिणीतून काढणे

लहान आतड्यातील कर्करोग नसलेल्या गाठी पोट न उघडता, तोंडावाटे किंवा गुदद्वारावाटे दुर्बीण नेऊन काढण्याची पद्धत. अस्तरातल्या ग्रंथींपासून होणारे ॲडिनोमा, चरबीचे लायपोमा आणि हॅमार्टोमा जातीचे (आतड्याच्याच ऊती वेड्यावाकड्या वाढून झालेले) पॉलिप, म्हणजे अस्तरातून आत डोकावणारे कोंब, या गाठींत मोडतात. लायपोमाचा त्रास नसेल तर तो बहुधा तसाच ठेवतात. ॲडिनोमाचा पुढे कर्करोग होऊ शकतो, म्हणून तो काढतात.

लहान आतडे सुमारे ६ मीटर लांब आणि पोटात सैल वेटोळ्यांनी पसरलेले. नेहमीची जठराची दुर्बीण त्याच्या सुरुवातीच्या ड्युओडेनमपर्यंतच पोहोचते. मधला लांब पट्टा नीट दिसू लागला तो २००१ नंतर. त्या वर्षी गिळायची कॅमेरा-कॅप्सूल वापरात आली आणि जपानचे हिरोनोरी यामामोतो यांनी दोन फुग्यांची दुर्बीण मांडली. कॅप्सूल गाठ दाखवते, काढू शकत नाही. ते काम या दुर्बिणीचे.

दुर्बिणीच्या टोकावर एक फुगा आणि तिच्यावर चढवलेल्या नळीच्या टोकावर दुसरा. एक फुगा आतडे धरून ठेवतो, तेवढ्यात दुसरा भाग पुढे सरकतो. मग दोन्ही फुगे फुगवून सगळे मागे ओढतात. लेंग्यात नाडी ओवताना कापड जसे पिनेवर चुणत जाते, तसे आतडे नळीवर चुणत जाते आणि २ मीटरची दुर्बीण कितीतरी खोल पोहोचते.

गाठ दिसली की तिच्या बुडाशी, अस्तराखाली, निळा रंग मिसळलेले सलाइन टोचतात. गाठ निळसर उशीवर उचलली जाते. मग तारेचा फास घालून, आवळून, विजेच्या प्रवाहाने ती कापतात आणि जखमेवर क्लिप लावतात. कधी कापण्याऐवजी देठालाच क्लिप किंवा फास लावून रक्तपुरवठा तोडतात. पॉलिप काळसर पडतो आणि काही दिवसांत आपोआप गळतो.

ही पद्धत सर्वांत मोलाची ठरते प्यूट्झ-जेगर्स या आनुवंशिक आजारात, ज्यात आतड्यात हॅमार्टोमा जातीचे पॉलिप होतात. बहुतेक रुग्णांत एसटीके११ जनुकात दोष आढळतो आणि आईवडिलांपैकी एकाला आजार असेल तर प्रत्येक मुलाला तो येण्याची शक्यता ५० टक्के असते. ओठांवर तिळासारखे काळपट डाग येतात. वयानुसार ते फिके पडतात, पण गालाच्या आतले बहुधा टिकतात, म्हणून तोंड उघडून पाहायला हवे. यातले पॉलिप मोठे झाले की आतडे आतड्यात शिरते, पोटात असह्य कळा येतात आणि तातडीने ऑपरेशन करावे लागते. प्रत्येक वेळी आतडे कापले तर ते आखूड होत जाते. शिवाय आतडी एकमेकांना चिकटली की पुढे दुर्बीणही नीट सरकत नाही. म्हणून पहिले ऑपरेशन टाळणे हेच खरे काम. त्रास नसला तरी वयाच्या ८ व्या वर्षापासून कॅप्सूल किंवा एमआरआयने तपासणी सुरू करतात आणि १५ ते २० मिलिमीटरपेक्षा मोठे पॉलिप वेळीच काढतात.

आतड्याला छिद्र पडणे, रक्तस्राव आणि स्वादुपिंडाला सूज येणे हे मुख्य धोके. ड्युओडेनमची भिंत पातळ असते आणि जखमेवर पित्त व स्वादुपिंडाचा रस वाहत राहतो, त्यामुळे तिथे छिद्र काही दिवसांनीही पडू शकते. घरी गेल्यावर पोट कडक होऊन दुखू लागले, ताप आला किंवा शौच डांबरासारखे काळे झाले, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.