चित्रातला उजेड डिटेक्टरकडून येतो

इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने टिपलेले मुंगीचे डोके किंवा काटेरी परागकण बहुतेकांनी कधी ना कधी पाहिलेले असतात. चित्र राखाडी, खोली असलेले आणि एका बाजूने उजेड पडल्यासारखे. हा उजेड कुठून आला? यंत्राच्या आत दिवा नसतो. वरून येणारा इलेक्ट्रॉनांचा झोत हाच तिथला दिवा, असे वाटणे साहजिक आहे. पण चित्र नीट पाहिले की हिशेब उलटा लागतो. आपण जिथे उभे राहून वस्तूकडे पाहतोय असे वाटते, ती जागा झोताची असते; आणि उजेड जिकडून पडल्यासारखा दिसतो, तिकडे डिटेक्टर, म्हणजे नमुन्यातून उडालेले कण टिपणारा भाग, बसवलेला असतो. परागकणाचा जो उतार डिटेक्टरकडे तोंड करून आहे तो उजळ, आणि ज्याने पाठ फिरवली आहे तो काळपट. डिटेक्टर समोरच्या बाजूला नेला तर सावल्याही बाजू बदलतात.

याचे कारण असे की स्कॅनिंग जातीच्या या सूक्ष्मदर्शकात भिंगाने पडद्यावर पाडलेली प्रतिमा कुठेच नसते. भिंगे असतात, पण त्यांचे काम झोताला काही नॅनोमीटर रुंदीच्या टोकापर्यंत आवळण्याचे. तो झोत नमुन्यावर एकेका ठिपक्यापाशी थांबतो, तिथून काही कण उधळतात आणि डिटेक्टर त्यांच्या बदल्यात फक्त एक आकडा देतो. तो आकडा म्हणजे त्या पिक्सेलची उजळी. म्हणजे चित्रातली जागा झोत ठरवतो, पण तिथे काय दिसेल हे डिटेक्टर कोणते कण पकडतो आणि कोणते सोडून देतो यावर ठरते. सूक्ष्मदर्शकांबद्दल बोलताना झोत किती बारीक आणि विभेदन (म्हणजे किती बारीक तपशील सुटा दिसतो) किती, याचेच कौतुक होते. डिटेक्टर मात्र बिचारा कोपऱ्यात राहतो, आणि हा मला अन्याय वाटतो.

आधी हिशेब पाहू. एक पिकोअँपिअर प्रवाह म्हणजे सेकंदाला साधारण ६२ लाख इलेक्ट्रॉन. आकडा मोठा वाटतो. आता १० पिकोअँपिअरचा झोत घ्या आणि त्याला प्रत्येक पिक्सेलवर एक मायक्रोसेकंद थांबवा. एका पिक्सेलच्या वाट्याला आले जेमतेम ६२ इलेक्ट्रॉन. आणि तेही सरासरीने, कारण इलेक्ट्रॉन ठरलेल्या अंतराने रांगेत येत नाहीत. पावसाचे पहिले टपोरे थेंब फरशांवर पडतात तेव्हा एका फरशीवर पाच, शेजारच्या फरशीवर दोन असे होते, तसेच हे. असा चढउतार संख्येच्या वर्गमुळाइतका असतो: ६२ वर सुमारे ८, म्हणजे १३ टक्के. नमुना अगदी एकसारखा असला तरी चित्र वाळू भुरभुरल्यासारखे दाणेदार दिसणार. एका पिक्सेलवर शंभरपट वेळ थांबलो तर ही चूक १.३ टक्क्यांवर येते. पण १०२४ बाय ७६८ पिक्सेलचे चित्र, जे आधी सेकंदाच्या आत होत होते, त्याला आता सव्वा मिनिटाहून जास्त वेळ लागतो. तोवर नमुना सरकतो, त्यावर विद्युतभार साठतो, नाजूक असेल तर जळतो.

हा दाणेदारपणा कोणत्याही इलेक्ट्रॉनिक युक्तीने पुसता येत नाही. डिटेक्टरच्या हातात एवढेच असते की जे थोडे कण आले त्यांतला एकही वाया घालवायचा नाही आणि स्वतःची भर त्यात टाकायची नाही.

सुरुवातीच्या यंत्रांचे घोडे इथेच अडले. बर्लिनमध्ये माक्स क्नोल आणि एर्न्स्ट रुस्का यांनी १९३१ मध्ये पहिला इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक उभा केला, तो आरपार जाणाऱ्या इलेक्ट्रॉनांचा. झोत फिरवून चित्र काढण्याची कल्पनाही त्याच दशकातली. अमेरिकेत व्लादिमिर झ्वोरिकिन आणि सहकाऱ्यांनी १९४२ मध्ये असे यंत्र बनवून सुमारे ५० नॅनोमीटरपर्यंत मजल मारली, पण चित्रे इतकी दाणेदार की ते काम पुढे गेले नाही. १९४८ पासून केंब्रिजमध्ये चार्ल्स ओटली यांनी हाच विषय पुन्हा हाती घेतला आणि एकामागून एक संशोधक विद्यार्थी त्यावर लावले. त्यांच्या गटातल्या थॉमस एव्हरहार्ट आणि रिचर्ड थॉर्नली यांनी १९६० मध्ये एका डिटेक्टरवर छोटासा शोधनिबंध लिहिला. पाच वर्षांनी, १९६५ मध्ये, ‘स्टिरिओस्कॅन’ या नावाने स्कॅनिंग सूक्ष्मदर्शक बाजारात आला. एव्हरहार्ट पुढे अमेरिकेतल्या कॅलटेक या संस्थेचे अध्यक्ष झाले. डिटेक्टर मात्र त्या दोघांच्या नावाने आजही जवळपास प्रत्येक स्कॅनिंग सूक्ष्मदर्शकात बसलेला असतो.

त्यांच्यासमोरचा पेच असा होता. झोताचा इलेक्ट्रॉन पदार्थात शिरला की तिथले काही इलेक्ट्रॉन सुटतात. त्यांना द्वितीयक इलेक्ट्रॉन म्हणतात. त्यांची ऊर्जा अगदी कमी, बहुतेकांची दोन ते पाच इलेक्ट्रॉनव्होल्ट (एक व्होल्टचा दाब ओलांडताना इलेक्ट्रॉनाला मिळते तेवढी ऊर्जा म्हणजे एक इलेक्ट्रॉनव्होल्ट). एवढ्या ऊर्जेवर ते पदार्थाच्या वरच्या काही नॅनोमीटरमधूनच बाहेर पडू शकतात. पृष्ठभागाची खबर त्यांच्याइतकी बारकाईने दुसरे कोणी आणत नाही ती यामुळेच. पण हीच कमी ऊर्जा त्यांना पकडताना आड येते. चमकणाऱ्या पदार्थावर, म्हणजे सिंटिलेटरवर, असा मरगळलेला इलेक्ट्रॉन आपटला तर उजेडाचा ठिपकाही उमटत नाही.

उपाय दोन पायऱ्यांचा. पुढे एक जाळीदार पिंजरा, त्यावर २०० ते ३०० व्होल्टचा धन दाब. द्वितीयक इलेक्ट्रॉन त्याकडे ओढले जातात, अगदी खड्ड्यातून आणि कडेच्या मागून वळण घेऊनही. म्हणूनच या चित्रांत सावल्या कधी ठार काळ्या नसतात. जाळीच्या आत सिंटिलेटर, आणि त्यावर तब्बल १०,००० व्होल्ट. आत शिरलेला इलेक्ट्रॉन इथे सुसाट धावतो आणि आदळून उजेडाचा पुंजका पाडतो. तो उजेड पारदर्शक दांड्यातून निर्वात कक्षाबाहेर नेऊन फोटोमल्टिप्लायर नळीत सोडतात, आणि तिथे तो सुमारे दहा लाख पटींनी वाढलेला विद्युत स्पंद होऊन बाहेर येतो. पिंजऱ्याचे आणखी एक काम असते. आतले १०,००० व्होल्ट उघडे राहिले तर नमुन्यावर येणारा मुख्य झोतच वाकडा होईल. जाळी ते झाकून ठेवते. इतकी जुनी आणि इतकी नेटकी रचना या क्षेत्रात दुसरी सापडणे कठीण.

याच पिंजऱ्यावर धनाऐवजी ५० व्होल्टचा ऋण दाब दिला तर द्वितीयक इलेक्ट्रॉन दारातूनच माघारी फिरतात. मग आत येतात ते नमुन्यातल्या अणुकेंद्रकांवरून उसळून परतलेले, झोताचे स्वतःचेच वेगवान इलेक्ट्रॉन. यांची खबर वेगळी असते. कार्बनवर पडलेल्या शंभरातले सहाएक उसळून परततात, सोन्यावरचे पन्नासच्या आसपास. अणुक्रमांक जितका मोठा तितका ठिपका उजळ. खडकातले जड खनिज किंवा मिश्रधातूतला वेगळा कण चित्रात आपोआप उठून दिसतो. ते सरळ रेषेत जात असल्याने त्यांच्यासाठी वेगळा डिटेक्टर असतो: झोत आरपार जाईल असे भोक मध्ये ठेवलेली सिलिकॉनची चकती, नमुन्याच्या बरोबर वर. सिलिकॉनमध्ये दर ३.६ इलेक्ट्रॉनव्होल्टला एक इलेक्ट्रॉन मोकळा होतो. २०,००० इलेक्ट्रॉनव्होल्टचा एक कण पाच हजारांहून अधिक इलेक्ट्रॉन मोकळे करतो. वेगळ्या गुणकाची गरजच पडत नाही.

पण दोन जातींची ही वाटणी कागदावर दिसते तितकी स्वच्छ नाही. उसळलेले इलेक्ट्रॉन कक्षाच्या भिंतींवर आणि भिंगाच्या लोखंडी टोकावर आदळतात आणि तिथून नवे द्वितीयक इलेक्ट्रॉन उडवतात. पिंजरा त्यांनाही आनंदाने आत घेतो. ते नमुन्यातून आलेले नाहीत हे त्याला कळणार कसे? त्यामुळे ज्या चित्राखाली ‘द्वितीयक इलेक्ट्रॉन’ असे लिहिलेले असते, त्यातला बराचसा अंश उसळलेल्या इलेक्ट्रॉनांच्या खबरीचा असतो. ५० इलेक्ट्रॉनव्होल्टच्या खाली द्वितीयक आणि वर उसळलेले, ही सीमा आपण सोयीसाठी आखलेली. कणांच्या कपाळावर जात लिहिलेली नसते. यातून निघालेली एक वाट म्हणजे डिटेक्टर भिंगाच्या आतच बसवणे. भिंगाचे चुंबकीय क्षेत्र नमुन्यातून निघालेल्या मंद इलेक्ट्रॉनांना गिरक्या देत वर ओढून घेते आणि भिंतींवरची भेसळ बरीचशी खालीच राहते. बारीक पोत यात फार सुरेख दिसतो. मात्र बाजूने पडणारा उजेड नाहीसा झाल्याने चित्र सपाट वाटते, आणि नवख्याला आधीचेच चित्र जास्त ‘खरे’ वाटते.

क्ष-किरणांचे गणितही सिलिकॉनच्या त्याच ३.६ इलेक्ट्रॉनव्होल्टवर चालते. झोताने हादरलेले अणू आपापल्या ठरलेल्या ऊर्जेचे क्ष-किरण सोडतात: लोह ६.४०, तांबे ८.०५ किलोइलेक्ट्रॉनव्होल्ट. डिटेक्टरमध्ये प्रत्येक किरणाने किती इलेक्ट्रॉन मोकळे केले ते मोजले की मूलद्रव्य ओळखता येते. पूर्वी यासाठी सिलिकॉनचा तुकडा द्रव नायट्रोजनने थंड ठेवावा लागे; १९८४ मध्ये एमिलिओ गात्ती आणि पावेल रेहाक यांनी मांडलेल्या ड्रिफ्ट डिटेक्टरमुळे आता विजेवरचा छोटा शीतक पुरतो. तरी मोजणीतली अनिश्चितता इथेही पाठ सोडत नाही. चांगल्या डिटेक्टरमध्येही रेषा सुमारे १२५ इलेक्ट्रॉनव्होल्ट रुंद दिसते. गंधकाची एक रेषा २.३०७ वर आणि मॉलिब्डेनमची २.२९३ वर, अंतर फक्त १४ इलेक्ट्रॉनव्होल्ट. अशा वेळी संगणकाने गंधकाच्या शिखरावर मॉलिब्डेनमची चिठ्ठी लावली तर नवल नाही, आणि स्वयंचलित अहवालांत असे घडतेही. त्यावर आंधळा विश्वास ठेवू नये.

झोत इलेक्ट्रॉनांऐवजी गॅलियम किंवा हेलियमच्या आयनांचा, म्हणजे विद्युतभारित अणूंचा, असला की एक नवी सोय मिळते. आयन नमुन्यातून इलेक्ट्रॉन काढतात आणि धनभारित आयनही उडवतात. डिटेक्टरच्या तोंडावरचा दाब धन ठेवला तर इलेक्ट्रॉन येतात, ऋण ठेवला तर आयन. विद्युतरोधक पदार्थावर धन आयनांचा मारा झाला की त्यावर धनभार साठतो आणि तो आपले द्वितीयक इलेक्ट्रॉन मागे खेचून धरतो. चित्रात तो भाग काळा पडतो. दाबाचे चिन्ह बदलून आयनांचे चित्र घेतले की तोच भाग पुन्हा दिसू लागतो.

आरपार जाणाऱ्या इलेक्ट्रॉनांच्या सूक्ष्मदर्शकात अडचण बरोबर उलटी. तिथे कण मरगळलेले नसतात, अति जोरदार असतात: ३ लाख इलेक्ट्रॉनव्होल्टचा इलेक्ट्रॉन प्रकाशाच्या तीन चतुर्थांशाहून जास्त वेगाने येतो. फोटोग्राफीच्या फिल्मनंतर आलेले कॅमेरे आधी सिंटिलेटरवर त्याचा उजेड करत आणि मग तो उजेड टिपत. त्यात इलेक्ट्रॉन सिंटिलेटरमध्ये भरकटायचा आणि एका कणाचा डाग अनेक पिक्सेलवर पसरायचा. गोठवलेल्या प्रथिनांचे चित्र घेताना हे परवडत नाही. चौरस अँगस्ट्रॉममागे (अँगस्ट्रॉम म्हणजे नॅनोमीटरचा दहावा भाग) ४०-५० इलेक्ट्रॉन पडले की प्रथिनाची रचना उद्ध्वस्त होऊ लागते, म्हणून प्रत्येक इलेक्ट्रॉनाची नोंद मोलाची. केंब्रिजच्या रिचर्ड हेंडरसन यांनी इलेक्ट्रॉन थेट सिलिकॉन चिपवर घेण्याचा आग्रह वर्षानुवर्षे धरला. चिप इतकी पातळ करायची की कण तिच्यात थोडीशीच ऊर्जा सोडून पलीकडे निघून जाईल आणि तळाशी आदळून परत येणार नाही. सेकंदाला शेकडो फ्रेम घेतल्या की एकेक इलेक्ट्रॉन सुटा दिसतो, मोजता येतो. शिवाय झोतामुळे सरकलेला बर्फाचा पापुद्रा फ्रेम जुळवून पुन्हा जागेवर आणता येतो. २०१३ मध्ये तिखटाची आग ओळखणाऱ्या टीआरपीव्ही१ या प्रथिनाची रचना ३.४ अँगस्ट्रॉमपर्यंत उलगडली ती अशाच कॅमेऱ्याने. २०१७ चे रसायनशास्त्राचे नोबेल हेंडरसन, जाक द्युबोशे आणि योआखिम फ्रँक यांना मिळाले. प्रथिने गोठवून पाहण्याच्या या तंत्राचे भाग्य कॅमेऱ्याने उघडले, ही बाब बातम्यांमध्ये फारशी आली नाही.

सुटे कण मोजण्याला किंमत असते. एका फ्रेममध्ये एकाच जागी दोन इलेक्ट्रॉन पडले तर मोजणी एकच होते, म्हणून झोत मंद ठेवावा लागतो. कॉर्नेल विद्यापीठातल्या गटाने वेगळा सौदा केला: फक्त १२८ बाय १२८ पिक्सेल, पण प्रत्येक पिक्सेल एका इलेक्ट्रॉनापासून दहा लाखांपर्यंत काहीही झेलू शकेल असा. झोताच्या प्रत्येक ठिपक्यावर एका आकड्याऐवजी विखुरलेल्या इलेक्ट्रॉनांचा पूर्ण नकाशाच साठवायचा. २०१८ मध्ये त्यांनी मॉलिब्डेनम डायसल्फाइडच्या एका थरात ०.३९ अँगस्ट्रॉमचे विभेदन गाठले. आधी कोणता इलेक्ट्रॉन घ्यायचा हे जाळीचा दाब आणि चकतीचा आकार ठरवत; आता सगळे साठवून मग संगणकावर हवी ती चकती कापता येते. २५६ बाय २५६ ठिपक्यांचे असे एक चित्र म्हणजे १०७ कोटी आकडे, साधारण ४.३ गिगाबाइट. सर्न या युरोपातल्या कण-भौतिकी प्रयोगशाळेतल्या मेडिपिक्स गटाच्या टाइमपिक्स३ चिपने यावर दुसरे उत्तर दिले आहे: फ्रेम घ्यायचीच नाही, ज्या पिक्सेलवर कण पडला त्याने आपला पत्ता आणि १.५६ नॅनोसेकंदाच्या पट्टीने मोजलेली वेळ पाठवायची. झोत मंद असेल तर यात फाइल खूप लहान होते. झोत वाढवला की पत्त्यांचीच गर्दी होते, आणि पुन्हा फ्रेम घेणारी चिप स्वस्त पडते.