साखर नॉर्मल, तरी तहान भागत नाही: डायबेटिस इन्सिपिडस असलेल्या मुलांच्या घरांसाठी

डेस्मोप्रेसिनचा, म्हणजे या आजारावरच्या मुख्य औषधाचा, पर्चा पहिल्यांदा घेऊन येणारे पालक बरेचदा औषधाबरोबर शुगर-फ्री बिस्किटंही मागतात. घरी आजीने साखरेचा डबा वरच्या फळीवर ठेवलेला असतो, पोह्यांबरोबरची जिलबी बंद झालेली असते. म्हणून सगळ्यात आधी हे सांगतो: या आजाराचा साखरेशी संबंध नाही. मुलाची जिलबी सुरू करा. आणि आजोबांचं इन्सुलिन घरात असेल तर ते या मुलाला चुकूनही देऊ नका.

इंदूरच्या लोकमान्यनगरातलं आमचं औषधांचं दुकान छोटं आहे. गर्दीच्या वेळी काउंटरवर एवढं बोलणं होत नाही, म्हणून हे पत्रक.

घोळ नावाचा आहे

डायबेटिस या ग्रीक शब्दाचा अर्थ आरपार वाहून जाणं. युरोपातले जुने डॉक्टर लघवी चाखून बघत. गोड लागली तर मेलिटस, म्हणजे मधाळ. बेचव लागली तर इन्सिपिडस. दोन्हीकडे तहान आणि लघवी भरमसाट, बाकी काहीच सारखं नाही. आपल्या आयुर्वेदात प्रमेहाच्या प्रकारांत ‘उदकमेह’ आहे, पाण्यासारख्या स्वच्छ आणि भरपूर लघवीचा. तो आणि हा आजार तंतोतंत एकच असा दावा आम्ही करत नाही, पण नाव मात्र चपखल आहे.

२०२२ मध्ये जगभरच्या तज्ज्ञांनी नाव बदलायचं ठरवलं. कारण गंभीर होतं. हॉस्पिटलात भरती झालेल्या अशा रुग्णांची शुगर तपासली जायची, ‘शुगर तर ठीक आहे’ म्हणून रोजचं डेस्मोप्रेसिन मागे पडायचं, आणि त्यात काहींचे जीव गेले. नवीन रिपोर्टवर ‘एव्हीपी डेफिशियन्सी’ किंवा ‘एव्हीपी रेझिस्टन्स’ लिहिलेलं दिसलं तर घाबरू नका, आजार तोच आहे. एव्हीपी म्हणजे व्हासोप्रेसिन, त्याची ओळख पुढे येते. मूल दुसऱ्या कशासाठी भरती झालं तर मात्र ‘हे शुगरवालं डायबेटिस नाही, याचं डेस्मोप्रेसिन थांबवू नका’ हे वाक्य दर पाळीच्या सिस्टरला सांगा. कंटाळा आला तरी सांगा.

कारखाना वर, गोदाम खाली

नाकाच्या मुळामागे, मेंदूच्या तळाशी हाडाच्या खळग्यात वाटाण्याएवढी पिट्युटरी ग्रंथी बसलेली असते. मराठीत तिला पीयूषिका म्हणतात. तिच्या मागच्या भागातून व्हासोप्रेसिन हे संप्रेरक रक्तात सुटतं आणि किडनीला सांगतं, पाणी परत घे. पण हा मागचा भाग नुसतं गोदाम आहे. माल तयार होतो वर, मेंदूच्या हायपोथॅलॅमस या भागात, आणि एका बारीक देठातून खाली उतरतो. दवाबाजारात, म्हणजे औषधांच्या घाऊक बाजारात, उठबस असलेल्या आमच्यासारख्यांना हे पटकन कळतं: नुसतं गोदाम बिघडलं तर माल काही दिवसांनी दुसऱ्या वाटेने येऊ लागतो, कारखाना बसला तर नाही. डोक्याला मार लागल्यावर किंवा ऑपरेशननंतर काही मुलांचा त्रास थोड्या दिवसांत ओसरतो आणि काहींचा जन्मभर राहतो, तो यामुळे.

मुलांमध्ये कारणं बरीच असतात: क्रॅनिओफॅरिंजिओमा किंवा जर्मिनोमासारखी गाठ, लँगरहॅन्स सेल हिस्टिओसायटोसिस (पेशींचा एक दुर्मिळ आजार), मेंदूच्या आवरणाचा टीबी, जन्मजात रचनेतला दोष, क्वचित आनुवंशिक. कधी कारण सापडतच नाही. पहिला एमआरआय स्वच्छ आला तरी डॉक्टर काही महिन्यांनी पुन्हा करायला सांगतात. देठाची सूज किंवा बारीक गाठ कधीकधी उशिरा दिसते, म्हणून तो एमआरआय टाळू नका.

हा झाला संप्रेरकच कमी पडण्याचा प्रकार, एव्हीपी डेफिशियन्सी. दुसऱ्या प्रकारात, एव्हीपी रेझिस्टन्समध्ये, संप्रेरक तयार होतं, पण किडनी त्याचं ऐकत नाही. आनुवंशिक असेल तर हा बहुतेक वेळा आईकडून मुलग्याकडे येतो आणि वर्षाच्या आतच दिसतो. त्याला डेस्मोप्रेसिन फारसं लागू पडत नाही. तिथे थायझाइड गटाचं औषध आणि कमी मीठ असा वेगळाच मार्ग असतो. लघवी वाढवणारं म्हणून माहीत असलेलं औषध इथे लघवी कमी करायला देतात, त्यामुळे ‘तुम्ही चुकीची गोळी दिलीत’ म्हणून लोक परत येतात. गोळी बरोबर असते.

कधी शंका घ्यावी

तान्हं बाळ तहान सांगू शकत नाही. कारण नसताना येणारा ताप, उलट्या, बद्धकोष्ठता, वजन न वाढणं, सतत किरकिर आणि दुधापेक्षा पाण्यावर झडप, अशा खुणा असतात. मोठं मूल रात्री दोन-तीनदा उठून पाणी पितं, किंवा अंथरूण ओलं करणं सुटून वर्षं झाल्यावर पुन्हा करू लागतं. एक दिवस-रात्र लघवी मापाच्या भांड्यात मोजा. शरीराच्या दर चौरस मीटरला दोन लिटरच्या वर गेली तर ती जास्त धरतात. २२ ते २५ किलोच्या मुलाला हा हिशोब पावणेदोन ते दोन लिटरच्या आसपास येतो. या आजारात ती चार-पाच लिटरही होते. हा कागद डॉक्टरांपुढे ठेवला की त्यांचं निम्मं काम होतं.

‘पाणी बंद करून बघू, सवयच असेल’ हा प्रयोग मात्र घरी करू नका. पाणी तोडून करायची तपासणी खरोखर असते, पण ती हॉस्पिटलात, तासातासाला वजन, लघवी आणि सोडियम बघत करतात. घरी हेच केलं तर मूल काही तासांत सुकतं.

औषध देताना

डेस्मोप्रेसिन नाकात मारायच्या स्प्रेच्या, गिळायच्या गोळीच्या आणि जिभेखाली विरघळणाऱ्या गोळीच्या रूपात असतं. यांचे आकडे एकमेकांत बदलता येत नाहीत. गिळलेल्या औषधाचा बहुतेक भाग पोटातच नष्ट होतो, त्यामुळे नाकातून १० मायक्रोग्रॅम पुरतात तिथे गोळीतून शंभर-दोनशे मायक्रोग्रॅम लागतात. ०.१ मिलिग्रॅम म्हणजे १०० मायक्रोग्रॅम, ही खूणगाठ बांधा. स्प्रे संपला म्हणून उरलेली गोळी ‘तेवढीच’ देऊ नका, आधी डॉक्टरांना विचारा. आम्हीही पर्च्याशिवाय प्रकार बदलून देत नाही. यावरून लोक चिडतात, पण आमचा नाइलाज आहे.

नवीन स्प्रे आधी हवेत मारून चालू करावा लागतो. किती वेळा, ते आतल्या कागदावर असतं. सर्दीने नाक चोंदलं असेल तर स्प्रे नीट लागू पडत नाही. गोळी रोज एकाच पद्धतीने द्या: एक दिवस उपाशीपोटी, एक दिवस जेवणावर, असं केलं तर परिणाम वर-खाली होतो.

औषध नसताना मागेल तेवढं पाणी द्यायचं. औषध चालू झाल्यावर मात्र आग्रहाने पाजायचं नाही, कारण आता किडनी पाणी धरून ठेवते. जास्त पाण्याने रक्तातलं सोडियम घसरतं: डोकं दुखणं, उलटी, सुस्ती, आणि पुढे झटके. म्हणून बरेच डॉक्टर दिवसातून एकदा औषधाचा असर उतरून भरपूर लघवी होऊ द्यायला आणि मगच पुढचा डोस द्यायला सांगतात. तापासाठी मनाने आयबुप्रोफेन नेऊ नका, ते डेस्मोप्रेसिनचा परिणाम वाढवू शकतं. पर्च्यावर मिरगीचं कार्बामाझेपिन असेल तर तेही आम्हाला आणि डॉक्टरांना सांगा.

काही मुलांना ऑपरेशननंतर किंवा गाठीमुळे तहानच कळत नाही. सांभाळायला ही मुलं सगळ्यात कठीण. त्यांना रोजचं पाणी डॉक्टरांनी ठरवलेल्या मापाने आणि रोजच्या वजनावर द्यायचं असतं, ‘नको म्हणाला’ म्हणून सोडायचं नसतं.

पुढचा भागही बघून घ्या

गाठ किंवा मार ग्रंथीच्या मागच्या भागापुरताच थांबतो असं नाही. पुढच्या भागातून वाढीचं, थायरॉइडला आणि किडनीवरच्या अॅड्रिनल ग्रंथीला चालवणारं आणि वयात आणणारं संप्रेरक निघतं. चार वर्षांपुढचं मूल वर्षाला चार-पाच सेंटिमीटरही वाढत नसेल तर दाराच्या चौकटीवरच्या पेन्सिलच्या खुणा डॉक्टरांना दाखवा.

अॅड्रिनलचं कॉर्टिसोल हे संप्रेरक कमी पडतं म्हणून हायड्रोकॉर्टिसोन चालू असेल तर एकही डोस चुकवू नका. ‘स्टिरॉइड आहे’ म्हणून शेजाऱ्यांच्या सांगण्यावरून बंद केलेली ही गोळी मुलाच्या जिवावर बेतू शकते. ताप आला की डोस दुप्पट-तिप्पट करायला सांगितलेलं असतं. तो आकडा लिहून फ्रीजवर चिकटवा. उलटीतून गोळी पडत असेल तर इंजेक्शन लागतं, वाट बघत बसू नका. आणखी एक गंमत: कॉर्टिसोल कमी असताना इन्सिपिडस झाकलेला राहतो आणि हायड्रोकॉर्टिसोन सुरू झाल्यावर लघवी वाढते. गोळी बाधली असं वाटतं, पण झाकलेलं फक्त उघडं पडलेलं असतं.

वाढीच्या इंजेक्शनचं पेन २ ते ८ अंशांत, फ्रीजच्या मधल्या कप्प्यात ठेवा. बर्फाच्या कप्प्यात गेलं की फेकूनच द्यावं लागतं.

शाळा, ऊन आणि गेर

वर्गात पाण्याची बाटली आणि न विचारता लघवीला जायची मुभा, एवढं शाळेला लेखी द्या. पर्चा दाखवलात तर मजकूर आम्ही लिहून देऊ. रंगपंचमीच्या गेरला, म्हणजे रंगांच्या मिरवणुकीला, राजवाड्याकडे नेणार असाल तर गर्दीत पाणी आणि आडोसा दोन्ही मिळत नाहीत हे धरून चला. स्प्रे मे महिन्यात गाडीत ठेवू नका. जुलाब-उलट्या लागल्या तर घरी ओआरएसवर दिवस काढू नका, त्याच दिवशी सोडियम तपासून घ्या.

डेस्मोप्रेसिन आमच्या फळीवर रोज नसतं, दवाबाजारातून मागवावं लागतं आणि कधी तिथेही संपलेलं असतं. दहा दिवसांचं उरलं की फोन करा, नंबर पावतीवर आहे. दुकानात येताना रिकामं झालं असलं तरी जुनं खोकं घेऊन या. त्यावरचा प्रकार आणि ताकद आम्ही पर्च्याशी जुळवून बघतो.