पाचर, पट्टी आणि दोन मिलिमीटर

मोठ्या बोअरच्या (नळीच्या आतल्या व्यासाच्या) सिंगल-अ‍ॅक्शन, म्हणजे दर बाराआधी घोडा हाताने मागे ओढायच्या, रिव्हॉल्व्हरचा विषय निघाला की गाडी हमखास एकाच जागी अडते. कोल्ट आणि रुगर या दोन अमेरिकन कंपन्या. कोल्टची फ्रेम, म्हणजे हत्याराची चौकट, घडीव, रुगरची ओतीव, म्हणजे रुगर कच्चीच असणार! वर्कशॉपात हात काळे केलेली माणसंही यावर मान डोलावतात. पण पावणेदोनशे वर्षांत या हत्यारांत नेमकं काय फुटत आलंय ते पाहिलं, तर भांडण भलत्याच मुद्द्यावर चाललंय असं वाटतं.

सुरुवातीला फ्रेमला सिलेंडरच्या वरून जाणारी पट्टीच नव्हती. सॅम्युअल कोल्टला १८३६ मध्ये पेटंट मिळालं. त्याच्या रिव्हॉल्व्हरमध्ये सिलेंडर, म्हणजे बार भरायचा फिरता दंडगोल, एका जाड आसावर फिरायचा, नळी त्याच आसावर पुढून चढवायची आणि आडवी पाचर मारून पक्की करायची. नांगराला मारतात तशीच पाचर, फक्त बारीक. १८४७ मध्ये टेक्सासच्या कॅप्टन सॅम्युअल वॉकरच्या आग्रहावरून कोल्टने .४४ इंच बोअरचं एक धूड बनवलं. वजन दोन किलोच्या वर आणि सिलेंडरच्या एकेका घरात (बार भरायच्या भोकात) ६० ग्रेन, म्हणजे जवळजवळ चार ग्रॅम काळी दारू. सिलेंडर फुटल्याच्या तक्रारी आल्या. त्या काळचं लोखंड सगळीकडे सारखं नसायचं आणि दारू तर भरपूर. पुढच्याच वर्षीच्या ड्रॅगून मॉडेलमध्ये कोल्टने सिलेंडर आखूड केला आणि दारू ५० ग्रेनवर आणली. या गोष्टीत पाचर कुठेच दोषी नाही, फुटला तो सिलेंडर. पुढच्या सगळ्या कथेत हेच होणार आहे.

वरून पट्टी असलेली बंद चौकट इतरांनी आणली. इंग्लंडमध्ये रॉबर्ट अ‍ॅडम्सने १८५१ मध्ये नळी आणि फ्रेम एकाच तुकड्यातून घडवली. ते रिव्हॉल्व्हर मात्र सिंगल-अ‍ॅक्शन नव्हतं. अमेरिकेत रेमिंग्टनने १८५८ च्या पेटंटवर पट्टीवाली फ्रेम काढली आणि यादवी युद्धात ती उत्तरेच्या सैन्याने मोठ्या प्रमाणावर घेतली. फेब्रुवारी १८६४ मध्ये कोल्टच्या हार्टफर्डच्या कारखान्याला आग लागली, तेव्हा रेमिंग्टनचं आणखी फावलं. तरी कोल्टची उघडी रचना अगदीच अडाणी म्हणता येत नाही. काळ्या दारूची काजळी विलक्षण चिकट. कोल्टच्या जाड आसावर ग्रीस धरायला खाचा होत्या, त्यामुळे सिलेंडर बराच वेळ मोकळा फिरायचा. रेमिंग्टनची पिन बारीक, ती लवकर जाम व्हायची.

निकाल लागला तो धातूच्या काडतुसांच्या जमान्यात. १८७२ मध्ये कोल्टने लष्कराला पुन्हा उघड्या माथ्याचंच मॉडेल दाखवलं. लष्कराला बंद चौकट हवी होती. मग कोल्टच्याच विल्यम मेसनच्या रेखाटनातून १८७३ चं सिंगल अ‍ॅक्शन आर्मी आलं. .४५ बोअर, ४० ग्रेन काळी दारू, पहिली मोठी ऑर्डर ८,००० नगांची. वेस्टर्न सिनेमात कमरेला लटकतं ते हेच. याची चौकट सलग असते, सिलेंडर बाजूला उघडत नाही. पुढची पिन ओढली की तो खिडकीतून बाहेर येतो. बिजागरीसाठी कुठे कापाकापी नाही, आणि सिंगल-अ‍ॅक्शनचा ताठपणा बराचसा इथूनच येतो. मात्र सुरुवातीच्या फ्रेम लोखंडाच्या होत्या, पोलाद नंतर आलं. जास्त दाब देणाऱ्या धूरविरहित दारूची हमी कोल्टने दिली ती १९०० मध्ये.

आता जरा सिलेंडर हातात घेऊन बघू. कोल्टच्या या सिलेंडरचा व्यास सुमारे १.६५ इंच. त्यात .४५ ची सहा घरं बसवल्यावर बाहेरच्या अंगाला भिंत पातळ उरते. त्याच भिंतीवर, जवळपास घराच्या डोक्यावरच, सिलेंडर अडवणाऱ्या खिट्टीची खाच कापलेली. म्हणजे जिथे जाडी सगळ्यात कमी, तिथेच आणखी खोदकाम! एल्मर कीथ या पशुपालकाने १९२० च्या दशकात .४५ मध्ये दारूचे जोरदार भार भरून पाहिले. सिलेंडर फुटला आणि जाताना वरची पट्टीही घेऊन गेला. मग कीथ .४४ स्पेशल या काडतुसाकडे वळला, कारण घर थोडं लहान झालं की भिंत तेवढी जाड राहते. त्याच्या प्रयोगांतूनच पुढे १९५५-५६ मध्ये .४४ मॅग्नम हे जोरदार काडतूस आलं.

रुगर कंपनीच्या बिल रुगरने १९५५ मध्ये .३५७ चं ब्लॅकहॉक रिव्हॉल्व्हर काढलं होतं, कोल्टच्याच मापाचं. त्याच फ्रेमवर .४४ मॅग्नमचे नमुने केले तर चाचणीत एक फुटला. मग फ्रेम मोठी केली आणि सिलेंडर सुमारे १.७३ इंचांचा झाला. वाढ जेमतेम दोन मिलिमीटर, पण ती सगळी पडली भिंतीत आणि पट्टीत.

ही फ्रेम ओतीव होती हे खरं. पण हे बिडाचं ओतकाम नव्हे. मेणाचा नमुना करायचा, त्यावर सिरॅमिकचे थर चढवायचे, मेण वितळवून काढायचं आणि पोकळीत क्रोम-मॉलिब्डेनम पोलाद ओतायचं. आपल्याकडे दायमाबादला १९७४ मध्ये सापडलेला ब्राँझचा रथ मेणाच्या याच युक्तीने ओतलेला आहे. घडीव पोलाद त्याच जाडीत सरस ठरतं हे मान्य. पण जाडी सारखी असेल तेव्हाच ना! रुगरने स्वस्त पद्धत घेतली आणि माल जास्त घातला.

कोल्टच्या .४५ काडतुसाची (.४५ कोल्ट) अधिकृत दाबमर्यादा आजही १४,००० पौंड प्रति चौरस इंच आहे. ती जुन्या फ्रेमवर बेतून ठेवलेली. .४४ मॅग्नमची ३६,०००. आणि यूटाच्या डिक कसलने १९५० च्या दशकात कोल्टच्या फ्रेम फोडत-फोडत जे काडतूस घडवलं, त्या .४५४ कसलची ६५,०००. त्याची युक्ती साधी होती. सहाऐवजी पाच घरं. आकडा विषम झाला की खाच दोन घरांच्या मधल्या भरीव भागावर जाते. वायोमिंगच्या फ्रीडम आर्म्सने १९८३ पासून हेच १७-४ नावाच्या स्टेनलेस पोलादात, काटेकोर मापांत बनवलं. बंदूक-कारागीर जॉन लाइनबॉने रुगरच्या ओतीव फ्रेमवर पाच घरांचे मोठे सिलेंडर बसवून .५०० बोअर गाठलं. ओतीव फ्रेमवर, हे विशेष.

फ्रेमला काम नसतं असं मुळीच नाही. बार झाला की सिलेंडर मागच्या भिंतीवर आदळतो, आणि भार सतत जास्त राहिला तर चौकटीची खिडकी लांबते. ती डोळ्याला दिसत नाही. सिलेंडर पुढे-मागे हलवून, नळी आणि सिलेंडरमधल्या फटीत फीलर गेज (फट मोजायची पातळ पट्टी) सरकवून बघितलं की कळते. पण हा झिजण्याचा मार्ग आहे, फुटण्याचा नव्हे.

घरी काडतुसं भरणाऱ्यांच्या पुस्तकांत .४५ कोल्टच्या जोरदार भारांवर 'फक्त रुगरसाठी' अशी टीप असायची. रुगरच्या १९९३ च्या व्हॅकेरो मॉडेलला ती लागू होती, कारण त्याची फ्रेम मोठी. २००५ मध्ये रुगरने न्यू व्हॅकेरो आणलं. कंपनी तीच, बोअर तोच, नावही जवळपास तेच, पण फ्रेम पुन्हा जुन्या कोल्टच्या मापाची. ते भार यात चालत नाहीत. दोन्ही टेबलावर शेजारी ठेवले तर नवख्याला फरक सांगायला व्हर्नियर कॅलिपर लागतो.