पार्श्वभूमी : डबीतला तुकडा ते पडद्यावरची स्लाइड

जळगाव-धुळ्याकडच्या कॅन्सरच्या रुग्णाला दुसरं मत हवं असलं की वाट ठरलेली असते. प्रयोगशाळेतून मेणाचा ब्लॉक (मेणात बसवलेला बायोप्सीचा तुकडा) आणि त्याचे काप लावलेल्या काचेच्या स्लाइड सही करून घ्यायच्या, पिशवीत नीट गुंडाळायच्या आणि रात्रीच्या गाडीने मुंबईत परळचं टाटा रुग्णालय गाठायचं. स्लाइड फुटली तर ब्लॉकमधून नवा काप निघतो. ब्लॉकच हरवला, तर बहुतेक वेळा पुन्हा बायोप्सी. डिजिटल पॅथॉलॉजी, म्हणजे स्लाइडचं चित्र पडद्यावर पाहून निदान करणं, जन्मली ती अंतराच्या याच अडचणीतून, फक्त ती अडचण दुसऱ्या देशांतली होती.

१९६८ मध्ये बोस्टनच्या लोगन विमानतळावरून मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलकडे रक्ताच्या स्मिअरची (काचेवर पसरलेल्या पातळ थराची) कृष्णधवल चित्रं टीव्हीच्या तंत्राने पाठवली गेली. अशा दुरून केलेल्या निदानासाठी ‘टेलिपॅथॉलॉजी’ हा शब्द अमेरिकी पॅथॉलॉजिस्ट रोनाल्ड वाइनस्टाइन यांनी १९८६ मध्ये रूढ केला. त्यानंतर तीनेक वर्षांत उत्तर नॉर्वेत ट्रॉम्सोचे पॅथॉलॉजिस्ट शेकडो किलोमीटर दूरच्या किर्केनेसमधले फ्रोझन सेक्शन (शस्त्रक्रिया चालू असताना तुकडा गोठवून घेतलेले काप) पडद्यावर पाहून सांगू लागले. किर्केनेसच्या रुग्णालयात पॅथॉलॉजिस्टच नव्हता. धडगाव-अक्कलकुव्याच्या रुग्णालयांना ही परिस्थिती वेगळी समजावून सांगायला नको.

त्या काळी समोरचा मायक्रोस्कोप दुरून हलवावा लागे आणि प्रत्येक हालचालीला चित्र येईपर्यंत थांबावं लागे. १९९० च्या दशकाच्या शेवटी आख्खी स्लाइडच स्कॅन करणारी यंत्रं आली आणि हा खोळंबा संपला. जागेचा प्रश्न मात्र तिथूनच सुरू झाला. ४० एक्सच्या भिंगावर चित्राचा एक बिंदू म्हणजे साधारण ०.२५ मायक्रॉन. १५ मिमी लांब-रुंद कापाचे ६०,००० गुणिले ६०,०००, म्हणजे ३६० कोटी बिंदू होतात. कॉम्प्रेस न करता जवळपास ११ जीबी, केल्यावर एक जीबीच्या आसपास. दिवसाला १०० स्लाइड धरल्या तर ३०० दिवसांत ३० टीबी, आणि बॅकअप धरला तर दुप्पट. स्कॅनरच्या कोटेशनमध्ये हा खर्च बहुधा शेवटच्या पानावर असतो.

१० एमबीपीएसच्या लाइनवर एक जीबी चढवायला १३-१४ मिनिटं लागतात, म्हणून फाइल सहसा पाठवतच नाहीत. ती पिरॅमिडसारखी थरांत आणि छोट्या चौकोनांत साठवलेली असते. पाहणारा जिथे झूम करेल तेवढेच चौकोन सर्व्हरवरून येतात. वैद्यकीय चित्रांच्या डायकॉम या मानकात आख्ख्या स्लाइडची तरतूद २०१० मध्ये झाली. कॉलेज ऑफ अमेरिकन पॅथॉलॉजिस्ट्सने २०१३ मध्ये पडताळणीची पद्धत घालून दिली: किमान ६० केस एकदा काचेवर आणि एकदा पडद्यावर पाहायच्या, मध्ये किमान दोन आठवडे जाऊ द्यायचे. थेट प्राथमिक निदानासाठी अमेरिकेच्या एफडीए या नियामक संस्थेची पहिली मान्यता मिळाली ती २०१७ मध्ये, फिलिप्सच्या यंत्रणेला.

स्कॅनरच्या आधीचं काम मात्र एकोणिसाव्या शतकातलंच आहे. ऊतकाला मेणात बसवणं १८६९ चं, तुकडा टिकवणारं फॉर्मॅलिन १८९३ चं, हिमॅटॉक्सिलिन-इओसिन या रंगांची जोडी या दोन्हींच्या मधली. खानदेशात गाडी अडते ती याच टप्प्यांवर. तुकडा सलाइनमध्ये टाकून एसटीने निघाला, तर उन्हाळ्यात पोहोचेपर्यंत त्याच्या पेशी विरघळायला लागलेल्या असतात. हवं १० टक्के बफर्ड फॉर्मॅलिन, तेही तुकड्याच्या किमान दहापट. डबी रुंद तोंडाची हवी; अरुंद बाटलीत मऊ गाठ सहज जाते, कडक झाल्यावर बाटली फोडूनच काढावी लागते.

जळगाव-भुसावळचा पारा ४५ कडे सरकला की मायक्रोटोमवर (काप काढणाऱ्या यंत्रावर) ब्लॉक मऊ पडतो, काप चुरगळतो किंवा जाड येतो. उपाय साधा आहे: ब्लॉक बर्फावर ठेवायचा, खोलीला एसी द्यायचा आणि ५८-६० अंशांना वितळणारं मेण वापरायचं. काप ३-४ मायक्रॉनचाच हवा. मायक्रोस्कोपवर पॅथॉलॉजिस्ट बोटाने फोकस फिरवून जाड काप निभावून नेतो. स्कॅनर एका पातळीवर फोकस धरतो, त्यामुळे घडी पडलेल्या जागी चित्र धूसर येतं. कव्हरस्लिपखालचा (कापावरच्या पातळ काचेखालचा) बुडबुडा, काचेवर पेनाने केलेली खूण, दोन्हींवर फोकस फसतो. चरबीचा फिकट भाग तर यंत्राला कधी दिसतच नाही. म्हणून पूर्ण स्लाइडचं छोटं चित्र आणि काच शेजारी धरून टेक्निशियनने सगळे तुकडे आले का ते मोजायचं. ही दहा सेकंदं वाचवू नयेत.

कव्हरस्लिप चिकटवणारं डीपीएक्स ओलं असताना स्लाइड रॅकमध्ये घातली तर ती चिकटते, रात्रभर सुकवावी. काचेबाहेर डोकावणारी कव्हरस्लिप आणि डिंकाने लावलेलं जाड लेबल, दोन्ही यंत्र अडवतात. बारकोडची शाई झायलीन या द्रावकाने धुतली जाणार नाही अशी हवी. एका दिवसाच्या यादीत तीन पाटील आणि दोन पाडवी सहज असतात, त्यामुळे डायमंड पेन्सिलने कोरलेल्या क्रमांकावर भागत होतं तसं आता भागत नाही: नोंदीलाच क्रमांक पडावा आणि तोच कॅसेट (तुकडा ठेवायची प्लास्टिकची छोटी डबी), ब्लॉक, स्लाइड अशा क्रमाने पुढे यावा.

तोंडाच्या कॅन्सरच्या संशयात तंबाखू-गुटख्याच्या रुग्णांचे तांदळाएवढे तुकडे येतात. तुकडा मेणात उभा न बसता आडवा बसला तर आवरण तिरकं कापलं जातं आणि गाठ खाली शिरली आहे की नाही ते सांगता येत नाही. स्कॅन कितीही उत्तम असला तरी ही चूक एम्बेडिंगच्या, म्हणजे तुकडा मेणात बसवण्याच्या टेबलावरच दुरुस्त व्हायची असते.

एफएनएसीचे (बारीक सुईने काढलेल्या पेशींचे) स्मिअर हा वेगळाच विषय. तिथे पेशी थरांवर थर बसलेल्या असतात, म्हणून एकाच जागेचे वेगवेगळ्या खोलीवर अनेक स्कॅन घ्यावे लागतात. त्यात फाइलही फुगते, वेळही. बऱ्याच प्रयोगशाळा त्यामुळे बायोप्सी आधी पडद्यावर नेतात आणि स्मिअर मायक्रोस्कोपखालीच ठेवतात.